यंदाचं स्वप्न

मानवजातीने गोवरावर निर्णायक विजय मिळवला, तो दुपारच्या झोपेत. लसीचा डोस पाजला की त्या वर्षीच्या सगळ्या मुलांना एकच स्वप्न पडे, आणि ते शाळेत सांगितल्याशिवाय पहिलीत प्रवेश नसे. जुई मात्र डोस पिऊन नुसती घोरली आणि उठल्यावर पोहे मागू लागली. म्हणून तिच्या आईने, वृंदाने, शेजारच्या कुशलचं स्वप्न आठवडाभर तिच्याकडून घोकून घेतलं.

"निळ्या तळ्यात पांढरी म्हैस होती," मुख्याध्यापिका हर्डीकरबाईंपुढे जुईने हात बांधून सुरुवात केली. "तिने मला पाठीवर घेतलं. माझ्या अंगावरचे लाल ठिपके सुटले आणि कमळांसारखे तरंगत गेले."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. "सुरेख. पण हे गेल्या वर्षीचं."

वृंदा घाईने पुढे सरसावली. "बाई, स्वप्न न पडणाऱ्यांना सूट असते ना? आमच्या ह्यांना लग्नापासून एकही पडलेलं नाही. आनुवंशिक आहे हो."

"त्याला दोन्ही आजोबांचा दाखला लागतो."

"अगं आई, मला पडलं की!" जुई म्हणाली. "ढगाचा हत्ती होता. त्याने सोंडेने फुंकून ठिपके उडवले. तू विचारलंच नाहीस, नुसती म्हैस पाठ करायला लावलीस."

"हे यंदाचं," म्हणत बाईंनी शिक्का मारला.

जुईला प्रवेश मिळाला. तुकडी ड, पाठ केलेल्या म्हशीबद्दल.