दार ओळखतं ती चाल

अर्धांगवायूने मुकुंदरावांची चाल बदलली. दारं आता चालीवरूनच माणूस ओळखत, त्यामुळे स्वतःच्या घराचंही दार त्यांना उघडेना. रोज सून आतून उघडायची. शेवटी हेमलताबाई नवऱ्याला घेऊन ट्रेडमिलच्या दुकानात आल्या.

"हे मशीन दारांकडची नोंद बघून जुनी चाल शिकवतं," विक्रेती म्हणाली. "ते दुसरं नवी नोंदवतं, पण जुनी कायमची पुसतं."

"जुनीच हवी. माझ्याच घरात पाहुण्यासारखा किती दिवस शिरू?"

"अहो, थांबा. आधी मी चालून बघते." हेमलताबाई पट्ट्यावर चढल्या. पडद्यावर अक्षरं उमटली : अनोळखी व्यक्ती.

विक्रेती चपापली. "काकू, तुम्हालाही काही त्रास आहे?"

"छे गं. इतके महिने यांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालतेय, एवढंच."

मुकुंदरावांनी पलीकडच्या मशीनकडे बोट दाखवलं.

"दुसरं द्या," ते म्हणाले. "आधी हिची चाल नोंदवा."