सतरावं झुडूप

नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, नागफणीची सतरा झुडपं होती. एसटीने आणि पुढे पायी आलेल्या ताराचंदने ती दोनदा मोजली. रानटी निवडुंग आपोआप कसा पसरतो, यावर त्याला प्रबंध लिहायचा होता. पण ही झुडपं तर ओळीत उगवली होती. मूळ पाहावं म्हणून त्याने शेवटच्या झुडपाशी कुदळ उगारली.

"अरे बाबू, थांब! कायले खोदून राहिला गा?" सरपणाची मोळी टाकून गिरजाबाई धावत आली. "तुमच्या शहरात काटे नाही भेटत का?"

"फक्त मूळ पाहतो, मावशी."

"मुळाखाली माया पोरगा हाय. आठ वर्सं झाली. तान्ही लेकरं आमी जाळत नाही, पुरतो. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वरून नागफणी लावतो."

ताराचंदने कुदळ खाली ठेवली आणि तो झुडपांची उंची मोजायला आणलेला टेप गुंडाळू लागला. बाई जवळ सरकली.

"मोजाले आला ना? मंग मोज. केवढा झाला, सांग मले."

एरवी सेंटिमीटर वाचणाऱ्या ताराचंदने टेपची फुटांची बाजू वर घेतली आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंत ताणली.



"चार फूट दोन इंच."