पाठीवरचा पंप

राजदीपनं बनवलेल्या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये विहिरीमागं एक म्हातारा लपवलेला होता. तो सापडला, की खेळणारे त्याच्यावर ट्रॅक्टर घालत, बैल सोडत, वीजसुद्धा पाडत. म्हातारा उठून कपाशीत चालू लागे. हा मरत का नाही, यावर इंटरनेटवर अठ्ठावीस व्हिडिओ होते. राजदीपनं त्याला मरणच दिलं नव्हतं, एवढंच. सुट्टीत मुकुटबनला आल्यावर त्यानं आईला मोबाइलवर तो म्हातारा दाखवला. कपाशी फवारताना विषबाधेनं गेलेला नवरा शीलाबाईंनी लगेच ओळखला. "पाठीवर पंप कायले देल्ला रे त्यायले?" "बाबाचा एकच फोटो होता माय, त्यात पंप होता." "उतरव आता. वाकलेली पाठ राहू दे, तशीच होती त्यायची." त्यानं लॅपटॉप उघडून पंप काढला. आठवड्यानं एकोणतिसावा व्हिडिओ आला: बनवणाऱ्यांची घोडचूक, पंप काढला, पण म्हाताऱ्याची पाठ सरळ करायला विसरले.