बुचाची जागा

भरती ओसरून दोन तास झाले होते, तरी पबमध्ये घोट्यापर्यंत पाणी होतं. मॉइरा काउंटरवर पाय वर घेऊन बसली होती. तीन महिन्यांपूर्वी तिने 'हेरिंग बास्केट' चालवायला घेतला आणि पहिल्याच मोठ्या उधाणाने तिला इंगा दाखवला. दाराशी वाळूच्या पोत्यांची भिंत रचली होती. पाणी त्या भिंतीवरून आत आलं आणि आतच राहिलं. उंबरठा जमिनीपेक्षा वीतभर उंच, ते जाणार कुठून? हौसेने बसवलेल्या ओकच्या फळ्या आता फुगून वर येणार होत्या. सकाळीच तिने भावाला फोन केला होता, व्हॅन घेऊन ये, मला घरी ने.

मिसेस लेगेट पोती ओलांडून आत आल्या. वय एक्क्याऐंशी, पायात रबरी बूट. याच पबच्या माडीवर जन्मल्या, आधी मालक वडिलांच्या, मग नवऱ्याच्या हाताखाली इथेच राबल्या. त्यांनी मॉइराकडे पाहिलंही नाही. काउंटरच्या टोकापासून तीन पावलं मोजली, अर्धं पाऊल शेकोटीकडे सरकल्या आणि काठी आपटली.

"इथे फोड."

"काय फोडू?"

"फळी. खाली बूच आहे. ते काढलं की पाणी थेट वाळूत जातं. ओहोटी आहे तोवर उरक."

मॉइरा त्यांच्याकडे बघतच राहिली. "मी फळ्या बसवत होते तेव्हा तुम्ही रोज खिडकीतून बघत होतात. मग बोलला का नाहीत?"

"कोणाकोणाला सांगू? माझ्या हॅरल्डला मी लग्नाआधी सांगितलं होतं. हो हो म्हणाला आणि वर लिनोलियम अंथरलं. माझ्या वडिलांना त्यांच्या आधीच्या मालकाने, थर्टलने सांगितलं होतं, त्यांनी पाइनच्या फळ्या ठोकल्या. खुद्द थर्टलने विटा बसवल्या होत्या. नव्या मालकाला जमीन छान दिसायला हवी असते. पहार कुठे ठेवली आहेस?"

पहार मागच्या खोलीखालच्या तळघरात होती, आणि ते पाण्याने भरलं होतं. मिसेस लेगेट शेजारून घेऊन आल्या, करवतही आणली. मॉइरा काउंटरवरून खाली उतरली. पहिला घाव घालताना तिला रडूच आलं. या फळ्या तिने स्वतः गुडघे सोलवटून बसवल्या होत्या, एकेक घासून, तीनदा तेल देऊन.

"रड की. पण हात चालू ठेव," मिसेस लेगेट म्हणाल्या. "हॅरल्ड तर लिनोलियम कापताना शिव्या देत होता. मला, माझ्या वडिलांना, समुद्राला. चर्चमधून पाद्री ऐकायला बाहेर आला होता."

मॉइराला हसू आलं, रडता रडताच. फळी चिरली. तिने करवतीने वेडंवाकडं चौकोनी भोक पाडलं आणि पाण्यात हात घातला. बोटांना आधी लिनोलियमची कड लागली, सुरीने कापलेली, दातेरी. तिच्याखाली पाइन, तीही कशीबशीच कापलेली. त्याखाली फोडलेल्या विटा. प्रत्येकाने त्याच जागी, त्याच घाईत भोक पाडलेलं. अगदी तळाशी दगड होता, आणि त्यात मात्र कोणीतरी शांतपणे, गोल, नीट छिद्र कोरलं होतं.

"हे कोणी केलं?"

"जोसाया क्रेन. पहिला मालक. त्याला सांगायला कोणी नव्हतं, बिचारा."

छिद्रात बूच घट्ट बसलं होतं. "एल्मच्या लाकडाचं, मी चाळिशीला आले होते तेव्हा हॅरल्डने ठोकलेलं," मिसेस लेगेट म्हणाल्या. मॉइराने पहारेचं टोक खुपसून जोर लावला. बूच कुजकं होतं, त्याचे तुकडे झाले. पाणी क्षणभर थांबलं, मग गोल फिरू लागलं. खुर्च्यांखालचं, शेकोटीतलं, डार्टच्या फळ्यापाशी साचलेलं सगळं पाणी त्या भोकाकडे निघालं. दोघी बघत उभ्या राहिल्या. घोट्याखालची जमीन दिसू लागली. चिखलाने माखलेली, पण जागच्या जागी.

"आता संध्याकाळची भरती याच भोकातून वर येईल," मिसेस लेगेट म्हणाल्या. "म्हणजे, इथे कोणी असलं तर त्याला त्रास. तुझं काय, तू तर चाललीस."

मॉइराने पहार भिंतीला टेकवली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊ होता, रसेल.

"किंग्ज लिन गावाच्या पुढे आलोय. खोकी किती आणू? तू म्हणालीस भरपूर, पण भरपूर म्हणजे नक्की किती?"

मॉइरा भोकाच्या काठाशी गुडघ्यांवर बसली. तिने कापलेली कड सगळ्यांत वर होती, आणि सगळ्यांत वेडीवाकडी. तिने तिच्यावरून अंगठा फिरवला. कुसळ घुसलं.

"खोकी राहू देत," ती म्हणाली. "वाटेत लाकडाची वखार लागली तर थांब. एल्मचा ठोकळा घे, वीतभर जाड. आणि संध्याकाळच्या आत पोच."

"एल्मच कशाला?"

"आधीच्या मालकाचं बूच एल्मचं होतं. चाळीस वर्षं टिकलं."

"बेचाळीस," मिसेस लेगेट म्हणाल्या.