शिंगाची मूठ

रिस्तेननं पहिली सुरी स्वतःच्या हातानं बनवली. मुठीला घेतलं ते बाबांच्या म्होरक्या रेनडिअरचं शिंग. भुसभुशीत गाभा कोरून तिनं त्यात पातं घट्ट बसवलं.

गेल्या हिवाळ्यात त्याच जनावरामागे बाबा तळ्याच्या बर्फावर गेले आणि बर्फ फुटला. जनावर काठाला लागलं, बाबा लागले नाहीत. रिस्तेन अजूनही दाराला कडी लावत नसे.

"मूठ झकास जमलीय. पात्याला मात्र लोणीसुद्धा भिणार नाही," ओल्लाकाका म्हणाले.

"उद्या वासरांच्या कानांवर खुणा कापायच्यात. आधी तुमच्या कानावर बघू का?"

काका हसले.

सुरी कमरेला लावून ती कुंपणापर्यंत गेली, तेव्हा मागून टक् टक् ऐकू आलं. रेनडिअर चालताना त्याच्या पायातली शीर अशीच वाजते. तिनं वळून पाहिलं, तर माळ मोकळा. ती थांबली की आवाजही थांबे.

तिला भीती वाटली नाही. जुनी सोबत परत आल्यासारखं वाटलं.

घरी येऊन तिनं सुरी टेबलावर ठेवली आणि ती काकांसमोर बसली. आवाज मात्र बाहेर चालतच राहिला. घराला एक फेरी घालून तो दाराशी थांबला.

काकांचा कप हातातच राहिला. "तुझा बाप नेहमी त्याच्या मागूनच यायचा," ते हळूच म्हणाले.

बाहेर लख्ख ऊन होतं, माळ कोरडा ठणठणीत होता. आणि पाण्यानं भरलेले बूट पचपचत एक एक पायरी चढत होते.

रिस्तेननं कडीकडे पाहिलं.