पुलापलीकडचं हसू

“चावू नकोस अजून,” मागच्या सीटवरून ॲम्ली म्हणाला.

मिरेलाने तोंडाजवळ नेलेली पास्टी पुन्हा डब्यात ठेवली. गाडी सीमेवरच्या पुलावर रांगेत उभी होती. खाली नदी, मागे मिशिगन, पुढे कॅनडा आणि मिरेलाचं गाव. डब्यातल्या, मांस-बटाटा भरलेल्या त्या भाजक्या करंजीच्या वासाने तिचा जीव कासावीस झाला होता.

“भूक लागलीय हो, सर. खाणं म्हणजे काय काम आहे?”

“नुसतं खाणं नाही. पण मुम्मूच्या दुकानाची टोपी घालून, कॅमेऱ्यात बघून, पाचशे डॉलरसाठी खाणं हे काम. ते तुला अमेरिकेत करता येत नाही.”

ॲम्ली म्हणजे कॉलेजातला नियमांचा माणूस. खेळाडूंना ‘हे घेऊ नका, ते घेऊ नका’ सांगण्यात त्याची वीस वर्षं गेली. मग नियमच पालटले, खेळाडूंना जाहिराती करून कमवायची मुभा मिळाली. आता मिरेलाच्या आइस हॉकी संघातली एक गाद्यांची जाहिरात करत होती, कप्तान तर चक्क मोटारी विकत होती. गोलरक्षक मिरेला तेवढी कोरडी, कारण ती परदेशी. तिच्याकडे शिकण्याचा परवाना होता, कमावण्याचा नव्हता. एक चूक झाली की शेवटचं वर्ष गेलं आणि पदवीही गेली.

गाडी चालवत होती हेल्मी कांगास, पास्टीच्या दुकानाची बहात्तर वर्षांची मालकीण. सगळा संघ तिला मुम्मू म्हणतो. फिनिश घरांत आजीला हीच हाक असते. तीन वर्षं ही पोरगी दर शुक्रवारी तिच्याकडे जेवली आणि तीन वर्षं हेल्मीने तिच्याकडून पूर्ण पैसे घेतले, अगदी वाढदिवसालाही. फुकट वाढणं नियमात बसत नव्हतं. त्याची रुखरुख म्हातारीला फार होती.

रांग हलेना तेव्हा मिरेलाने टोपी घालून बघितली. ती थेट नाकापर्यंत आली. मिरेला खदखदून हसली आणि हेल्मीने पटकन फोन उचलला.

ॲम्लीने मागून झेप घेऊन भिंगावर पंजा ठेवला.

“मुम्मू, हद्दीची पाटी अजून यायचीय. अख्खं वर्ष घालवशील पोरीचं.”

“अरे, पन्नास पावलांवर तर आहे ती.”

“मग पन्नास पावलं दम धर.”

हेल्मीने फोन मांडीवर ठेवला.

पलीकडच्या नाक्यावर अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं. “हसायला आलोय,” हेल्मी म्हणाली. ॲम्लीने कपाळाला हात लावला आणि सगळे कागद पुढे केले. अधिकाऱ्याने ते दोनदा वाचले, मिरेलाकडे बघितलं आणि गाडी सोडली.

नदीकाठी वारा नुसता झोंबत होता. मिरेलाने टोपी चढवली, पास्टीचा हा मोठा घास घेतला आणि भरल्या तोंडाने मनापासून हसली. हेल्मीने अकरा फोटो काढले. बाराव्याला तिला समोरचं दिसेना.

“तीन वर्षांनी तुला काही देता आलं गं,” ती डोळे पुसत म्हणाली.

पूल ओलांडून तिघं परत मिशिगनमधल्या दुकानात आली तेव्हा जेवणाची गर्दी होती. मिरेलाच्या डब्यात अर्धी पास्टी उरली होती.

“सर, ही खाऊ ना आता?”

ॲम्लीने दुकानभर नजर फिरवली. निम्म्या लोकांच्या हातात फोन होते. त्याने बराच विचार केला.

“खा. टोपी काढ. आणि हे बघ, हसू नकोस.”

मिरेला खिडकीपाशी बसली. जगातली तिची सगळ्यात आवडती गोष्ट ती मयताला आल्यासारखा चेहरा करून खाऊ लागली. ॲम्लीही शेजारी तसाच गंभीर बसला, तिला सोबत म्हणून.

रोजचं गिऱ्हाईक आर्वो आपली थाळी घेऊन जाता जाता थबकला. त्याने मिरेलाकडे बघितलं, मग आपल्या थाळीकडे.

“हेल्मी, आज पास्टी बिघडलीय का गं?”

“पास्टी झकास आहे,” हेल्मी म्हणाली. “पोरगी अमेरिकेत आहे.”