भिणाऱ्याचं काम

पिक्चर संपला तसं रहाटणीच्या सोसायटी हॉलमध्ये बसलेल्या साठेक माणसांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीत सेफ्टीचं भाषण संपल्यावर वाजवतात, तशा.

मिनलला त्या टाळ्या ओळखता येत होत्या. चाकणच्या एका कंपनीत ती क्वालिटीला होती. अकरा रविवार खपून, मोबाइलवर, कंपनीतल्याच लोकांना घेऊन तिनं हा भुताचा विनोदी पिक्चर केला होता. बावन्न मिनिटांत कुणी हसलं नव्हतं आणि कुणी दचकलंही नव्हतं. मागच्या रांगेत तर दोघांनी क्रिकेट लावलं होतं.

"छान झालाय," कुणीतरी म्हणालं. खुर्च्या सरकू लागल्या.

मिनल दारात जाऊन उभी राहिली. "वडे बाहेर आहेत, थांबतील. आधी मला सांगा, काय चुकलं. पार्ट रिजेक्ट झाला की आपण कारण लिहितो. मला कारण पाहिजे."

लोक हसले. सकाळपासूनचं ते पहिलं हसू. तिनं वही उघडली.

"आवाज नीट येत नव्हता," एकजण म्हणाला. "अंधार फार होता," दुसरा.

"बजेट कुठंय आपल्याकडं?" जयदीप म्हणाला. तो हिरो होता, निम्मे विनोदही त्यानंच लिहिले होते. "एवढ्यात असलंच भूत मिळणार, राव."

मिनलनं ते लिहिलं नाही.

पुढच्या रांगेतल्या दुर्गाबाई उठल्या. पिक्चरमध्ये तोंडाला पांढरी पावडर फासून जे भूत पळत होतं, त्या ज्ञानदेवकाकांची ही बायको.

"बोलू का? मला काय भ्या वाटलं न्हाई. ती पोरं भूत बघून पळत्यात, आन पळता पळता इनोद करत्यात. त्यास्नीच भ्या वाटंना, तर मला कशापायी वाटंल?"

"काकू, कॉमेडी आहे ती," जयदीप म्हणाला.

"व्हय की. पन ह्यांच्या मशीनची गोष्ट ऐकली तवा मी पोट धरून हसले हुते. आन चार दिस मोरीत एकटी गेले न्हवते."

"कुठली गोष्ट?" मिनलनं विचारलं.

"जाऊ दे गं," ज्ञानदेवकाका बायकोला म्हणाले. पण मिनलनं त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि बसली.

"जुन्या कंपनीतलं आहे," काका म्हणाले. "ज्योतीराम माझा जोडीदार. घरी झोपेतच गेला. तिसऱ्या दिवशी मला त्याच्या प्रेसवर उभं केलं, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबून पत्रा ठोकायचं मशीन ते. ती प्रेस रोज दुपारी बरोबर एक वाजता बंद पडायची. ज्योतीरामची जेवायची वेळ तीच. मेंटेनन्सवाल्यांनी सगळी खोलून बघितली, काही सापडेना. दीडला आपली आपण चालू! मला दरदरून घाम फुटायचा. आणि सुपरवायझर म्हणायचा, टार्गेट कुठंय? तिथल्या चौथ्या दिवशी मी डबा उघडला. अर्धी भाकरी, वर ठेचा, मशीनवर ठेवली आणि हात जोडले. म्हटलं, ज्योतीराम, जेव बाबा पोटभर. पण चारशे पीस मागं पडलेत, आज जरा लवकर ऊठ."

हॉल खो खो हसला.

"दहा मिनिटांत चालू झाली."

हसू अर्ध्यात तुटलं. मागचं क्रिकेट केव्हाच बंद झालं होतं.

"मी ओरडलो नाही. पळालोही नाही, पीस काढत राहिलो. मग रोज ठेवायला लागलो. सात वर्षं. मशीन भंगारात जाईपर्यंत."

"मला वाटायचं, ह्यांची भूक वाढलीया," दुर्गाबाई म्हणाल्या. लोक पुन्हा हसले, पण या वेळी हळू.

मिनल काकांकडं बघत राहिली. "काका, अकरा रविवार तुम्ही माझ्याबरोबर होता. एकदाही बोलला नाहीत?"

"तू म्हणालीस, भूत व्हा. मी झालो. भिणाऱ्याचं काम मला कुणी दिलंच नाही."

मिनलनं ते वाक्य वहीत लिहिलं. त्याच्या वरचं सगळं खोडलं.

"म्हणजे परत शूटिंग?" जयदीप म्हणाला. "अकरा रविवार गेले, मिनल."

"गेले. अजून अकरा घेऊ."

"आणि माझे डायलॉग?"

"तू भूत हो. भूत बोलत नाही."

जयदीपनं उठून खिडकीचे पडदे ओढले.

मिनलनं मोबाइल स्टँडला लावला. "काका, आत्ताच करून बघू. हसवायचं नाही, घाबरवायचं नाही. एवढंच समजा, प्रेसवर उभे आहात आणि एक वाजत आलाय."

ज्ञानदेवकाका कोऱ्या भिंतीसमोर उभे राहिले. दोन्ही हात पुढं झाले, दोन्ही बटणं दाबून मागं आले. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. मग हात मध्येच थांबले. नजर सावकाश वर गेली.

दुर्गाबाईंना पुढचं सगळं पाठ होतं. तरी त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईचा हात घट्ट धरला.